भिंतीचा कान

रविवारी सकाळी नऊलाच त्या बागेत पन्नास-साठ माणसं जमायची. लॉण्ड्रीमागच्या बोळात, गंजक्या फाटकाआड दडलेली ही बाग शेजारच्या गल्लीलाही ठाऊक नव्हती. मधोमध एक ओसाड घर. छप्पर खचलेलं, एकच खोली शाबूत. तिच्या खिडकीत एक बुवा बसत आणि घर त्यांच्याशी बोलतं म्हणे.

"शांत! घर जागं आहे," बुवा पुकारायचे. "बोलायचंच तर शेजाऱ्याशी, अगदी हळू. विटांना मन असतं, बाळांनो! सिमेंटला नसतं, म्हणून तर फ्लॅटमध्ये सुख नाही!"

फ्लॅटमध्ये राहणारे सगळे माना डोलवायचे.

खिडकीपासून सुरू होऊन बागेला अर्धगोल वेढा घालणारी एक गुळगुळीत भिंत होती. तिच्या दुसऱ्या टोकाच्या दगडी बाकावर लोक नंबर लावून बसत. त्या दिवशी माझी बायको आणि मेहुणी तिथे कुजबुजत बसल्या होत्या. मी अश्रद्ध, म्हणून लांब झाडाखाली.

बायकोचा नंबर आला, ती खिडकीशी गेली. बुवांनी चौकटीला कान लावून डोळे मिटले. "आईची निळी शाल कपाटात लपवली आहेस. रोज छातीशी धरतेस." बायको ओक्साबोक्शी रडू लागली. "रक्तदाबाच्या गोळ्या थांबव. आई बघून घेईल."

तिची आई जाऊन चार महिने झाले होते. त्या शालीबद्दल मला अवाक्षर माहीत नव्हतं, आणि या उपटसुंभाला माहीत होतं! खरं सांगतो, गोळ्यांची काळजी मला नंतर वाटली. आधी हेवा वाटला. माझ्यासमोर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"बुवा मनातलं ओळखतात," घरी येताना ती म्हणाली.

"आणि मी?"

"तुम्ही विचारता, जेवण झालं का."

तिने त्याच दिवसापासून गोळ्या बंद केल्या. मी समजावलं, भांडलो, व्यर्थ.

गुरुवारी दवाखान्याला दांडी मारून मी बागेत गेलो. बुवा नव्हते. असं आहे तरी काय त्या माणसात, म्हणून मी त्यांच्याच जागी खिडकीत जाऊन बसलो. इतक्यात कानाशी कुणी पुटपुटलं, "सासूबाईंना म्हणावं, धुवा स्वतःच पडदे!" मी दचकून वळलो. खोलीत कुणी नव्हतं. चाळीस पावलांवर, बाकापाशी, झाडूवाली पानं गोळा करत स्वतःशीच बोलत होती.

माझं कामच लोकांचे कान तपासण्याचं. मला हसू फुटलं.

पुढच्या रविवारी, घरी पढवून आणलेल्या मेहुणीशेजारी मी बाकावर बसलो आणि कुजबुजलो, "माझी थोरली बहीण विहिरीत बुडाली. फार आठवण येते गं."

नंबर आला. बुवांनी डोळे मिटले. "पाणी... खोल पाणी... ताई हाक मारते आहे!"

"बुवा, मी एकुलता एक आहे."

"मागच्या जन्मीची ताई!" बुवा सावरले. "विटा जन्मांतरीचं बोलतात!"

"मग आम्हालाही ऐकू द्या," म्हणत मी एका आजोबांना खिडकीशी नेलं आणि बरोबर आलेल्या बायकोला बाकावर पाठवलं. "काहीही बोल. हळू."

आजोबा ताडकन उडाले. "अहो, कानात बोलल्यासारखं येतंय!"

मग एकेक जण कान लावू लागला. मी सांगितलं, "मोकळ्यावर आवाज चहूकडे पांगतो. अशा गोल, गुळगुळीत भिंतीला धरून मात्र तो घसरत पार दुसऱ्या टोकाला जातो. शेजाऱ्याशी तुम्ही बोलत होता आणि बुवा ऐकत होते. घर मुकं आहे!"

हशा पिकला. बुवांनी कधी चटई गुंडाळली, कुणालाच दिसलं नाही.

शेवटी मी खिडकीशी गेलो. लांब बाकावर बायको एकटीच, मान वळवून बसलेली. तिचा श्वासही ऐकू येत होता.

"गोळ्या घेईन आजपासून," ती म्हणाली. "पण आई गेल्यावर तुम्ही एकदाही तिचा विषय काढला नाहीत. त्या लबाडाने निदान काढला."

चाळीस पावलं चालत मी तिच्याकडे गेलो आणि शेजारी बसून विचारलं, "कशी होती गं ती शाल?" त्या दिवशी घरी जायला आम्हाला दुपार झाली.

तेव्हा मंडळी, कुणी मनातलं ओळखलं तर पाया पडण्याआधी विचारा, याला कळलं कसं? एखादी खोटी बहीण सांगून पाहा. औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि आपल्या माणसाचं दुःख आपणच विचारा. आपण विचारलं नाही, तर विचारणारे बुवा गल्लोगल्ली आहेत.