कलमांच्या गाडीचे शॉकअप

देवासहून निघालेली पिकअप धारला मोनूच्या गॅरेजपाशी थांबली. मागच्या डाव्या चाकाशेजारी तेलाचा ओघळ दिसत होता. अजेयनं वाकून पाहिलं. शॉकअप गळत होता. गाडीत पेरूची दीडशे कलमं होती आणि ती संध्याकाळच्या आत डहीला, रघुजींच्या शेतावर पोचायची होती.

कलमं त्याच्या बायकोनं, अपूर्वानं बांधलेली. नर्सरी तिचीच, आणि आज गाडीत तीही सोबत होती. गेल्या वर्षी रघुजींना दिलेल्या दीडशेतली साठ महिन्याभरात वाळली. रघुजी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आणखी एकदा देऊन पाहा. पुन्हा मेली तर मी दुसरीकडून घेईन." तेव्हापासून अपूर्वाचा आपल्या हातावरचा भरवसा उडाला होता. कलमाचा एकेक जोड ती तीनतीनदा सोडून बांधायची. यंदाही कलमं मेली तर हे काम बंद, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

अजेयचे वडील धारलाच राहत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरात त्यांना सगळे भाऊ म्हणत. फोन येताच ते स्कूटरवर आले.

"वोई तगड़े वाले डाल दूं, भिया?" मोनू अजेयला विचारत होता. "ओवरलोड वाले? पिछली बार आपनेई मंगवाए थे."

"वोई. सबसे तगड़े." अजेय भाऊंकडे वळला. "नाजूक माल आहे, भाऊ. शॉकअप दणकटच हवेत. गाडी लचकायला नको."

"गाडी लचकायला नको, की कलमं?"

मोनू हसला. "फँस गए भिया! मास्टरसाब ने मेरेकू आठवीं में ऐसेई फँसाया था."

भाऊ हसले नाहीत. मुलाला हरवण्यात त्यांना गंमत नव्हती. "मागे वजन किती आहे?" त्यांनी विचारलं.

"अडीचशे किलो. कलमं एकावर एक रचता येत नाहीत ना."

"आणि हे शॉकअप किती वजनासाठी?"

"तेराशेच्याही वर."

"बरं. मोनू, गाडी बाजारातून एक चक्कर फिरवून आण. हळूच. अज्या, तू मागे बस. ज्याचा शॉकअप गळत नाही त्या चाकावर. एक कलम मांडीवर घे."

"मी? मागे?"

"नेहमी पुढे बसतोस. मागचं तुला कसं कळणार?"

अपूर्वाला हसू आलं. अजेय मुकाट्यानं चढला.

दहा मिनिटांनी तो उतरला तो कंबर धरूनच. "खड्डा लहान असो की मोठा, सगळा थेट वर येतो," तो म्हणाला. "दबतच नाही काही." मांडीवरच्या पिशवीतल्या मातीचा गोळा फुटून ढेकळं झाली होती.

भाऊंनी पिशवी हातात घेतली. "ओझं पाटे, म्हणजे खालच्या लोखंडी पट्ट्या, उचलतात. शॉकअपनं फक्त उसळी शांत करायची. इतका कडक शॉकअप एवढ्याशा वजनाला हलत नाही, मग दणका मातीला बसतो. आतली कोवळी मुळं तुटतात. पानं मात्र काही दिवस हिरवीच राहतात, म्हणून कुणाला कळत नाही."

अपूर्वानं ते कलम घेतलं, जोडावरची पट्टी सोडली. जोड घट्ट धरलेला होता, आतून हिरवागार. ती त्या जोडाकडे बघतच राहिली.

"गेल्या वर्षी कलमं न्यायच्या आठवडाभर आधी मी हे बसवले," अजेय खालच्या आवाजात म्हणाला. "मुद्दाम, तुझ्या कलमांसाठी. आणि वर तुलाच म्हटलं, हात चुकला असेल."

"दोनदा म्हटलंस," अपूर्वा म्हणाली.

"दोनदा," त्यानं कबूल केलं.

मोनूनं पाना उचलत विचारलं, "तो साधे वाले?"

"साधे. कंपनी वाले. जोडी बदल दे," अजेय म्हणाला.

मोनू गाडीखाली शिरला. तेवढ्या वेळात अपूर्वानं एकेक पिशवी दाबून पाहिली. तेवीस पिशव्यांतली माती सैल लागली. त्या तिनं उतरवून भाऊंच्या हवाली केल्या. "जगतील तेवढ्या जगवा," म्हणाली.

"अगं, रघुजींचे दीडशे खड्डे तयार आहेत," अजेय म्हणाला.

"असू देत. ही मी देणार नाही."

डहीला पोचल्यावर गाडीची मागची फळी उघडायच्या आधीच अजेयनं रघुजींना सगळं सांगितलं. रघुजी कमरेवर हात ठेवून ऐकत होते.

"म्हणजे वर्षभर मी मनात हिला नावं ठेवली, आणि चोर तू?"

"हो."

"आणि वर तेवीस कमी आणलीस!"

"ती मी काढली," अपूर्वा पुढे झाली. "मुळं हलली होती त्यांची."

रघुजींनी एक पिशवी उचलली, तळहातावर तोलली. मातीचा गोळा शाबूत होता. "ठीक," ते म्हणाले. "तेवीस खड्डे मोकळे ठेवतो. पंधरा दिवसांत आणून दे."

"पंधरा दिवसांत नाही मिळणार," अपूर्वा म्हणाली. "आज बांधली तरी जोड धरायला आणि मुळं भरायला दोन-अडीच महिने लागतात. घाई असेल तर दुसरीकडून घ्या."

अजेयनं दचकून तिच्याकडे पाहिलं. रघुजी मात्र खड्ड्यांच्या ओळीकडे चालायलाही लागले होते. "अडीच महिने तर अडीच महिने," ते मागे न बघता म्हणाले. "चल अपूर्वा, पहिलं कलम तूच लाव."