बेसिनपासून सहा पावलं

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दुसरी गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगत नव्हते. माझा डावा डोळा नावापुरता आहे. दिसायला अगदी उजव्यासारखा, पण त्यातून उजेड आणि धूसर आकार यापलीकडे काही दिसत नाही, जन्मापासूनच. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्यालाही जाड भिंगाचा चष्मा. शाळेत एका बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मला प्रयोगाच्या टेबलावरून उठवलं आणि वर्षभर इतरांची निरीक्षणं वहीत उतरवायला बसवलं. काळजीपोटीच बसवलं, पण तेव्हापासून मी कानाला खडा लावला. कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं तेव्हा आई म्हणाली, निदान तिथल्या सरांना तरी सांगून ठेव. मी म्हटलं, पुन्हा वही हातात देतील. त्यावर आई म्हणाली, आणि उजव्याला काही झालं तर गं? मी तिथून उठून गेले.

आता मावशी. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. पोरं पाठीमागे त्यांना मोजमावशी म्हणायची, कारण ही बाई सगळं मोजायची. टेस्ट ट्यूब मोजायची, थेंब मोजायची, गुलाबी रंग किती सेकंद टिकला तेही ओठातल्या ओठात मोजायची. पदवी नव्हती, पण नवं द्रावण तयार झालं की आमचे विभागप्रमुख सर आधी त्यांच्याकडे बघायचे. धुतलेला फ्लास्क त्या उजेडात धरायच्या आणि आत एक जरी थेंब काचेला लटकलेला दिसला तरी म्हणायच्या, अजून तेलकट आहे, पुन्हा धू. कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला कुणी काचेचं बूच लावलं, तर लांबूनच म्हणायच्या की आता ते बूच जन्मात निघायचं नाही, बाटलीशी लग्न लावलंस तू त्याचं. मुलं हसायची आणि मुकाट्यानं रबरी बूच शोधायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एक भलतंच काम लावलं. लॅबच्या टोकाला बेसिन होतं आणि त्याच्या शेजारी डोळे धुवायचा खास नळ. दोन तोट्या वर तोंड करून बसवलेल्या, बाजूला हातानं ढकलायची दांडी. प्रत्येकानं आपल्या जागेवर उभं राहायचं, डोळे घट्ट मिटायचे आणि पावलं मोजत त्या नळापर्यंत जायचं. डोळ्यात काही उडालं तर उघड्या डोळ्यांनी वाट सापडत नसते, म्हणायच्या. माझी जागा खिडकीशी होती. तिथून एकोणीस पावलं आणि मध्ये दोन वळणं.

मला असले पोरकट खेळ मुळीच खपत नाहीत. मावशी माझ्या उजव्या हाताला चालत होत्या, म्हणून मी डावा डोळा किलकिला उघडा ठेवला. मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. आठव्या पावलावर माझा गुडघा एका स्टुलावर असा आपटला की दिवसा तारे दिसले. कुणीतरी स्टूल वाटेत सोडलं होतं, करड्या फरशीवर करडं स्टूल. सगळी बॅच खो खो हसली. मावशींनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं, माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, पुन्हा चाल, आणि या वेळी दोन्ही मीट. चोरी पकडली गेली एवढंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या तक्त्यात माझी जागा बदललेली. खिडकीजवळचं टेबल गेलं. तिथला उजेड असा सुरेख होता की पांढऱ्या टाइलवर फ्लास्क फिरवताना पहिली गुलाबी छटा लगेच दिसायची. त्याच्या जागी मिळालं बेसिनला लागून असलेलं टेबल, जिथे येता-जाता प्रत्येक जण हात झटकतो आणि वह्या ओल्या होतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मावशींना गाठून विचारलं की डोळा उघडा ठेवल्याची ही शिक्षा आहे का. त्या शांतपणे बाटल्यांना लेबलं लावत होत्या. इथून बेसिन सहा पावलं, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, मला काय बेसिनात राहायचंय? त्यावर त्यांनी मला डोळे मिटून ती सहा पावलं चालायला लावली. एकदा नाही, चारदा.

तेव्हापासून प्रत्येक प्रॅक्टिकलच्या सुरुवातीला शेजारून जाताना त्या हळूच विचारायच्या, किती? आणि मी दात-ओठ खात म्हणायची, सहा.

गॉगलवरूनही आमचं वाजायचंच. माझ्या चष्म्यावरून गॉगल घातला की आत वाफ धरायची आणि सगळं धुक्यात जायचं. मावशींनी एकदा न विचारता माझा गॉगल घेतला, आतून साबणाचा थेंब चोळला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि परत दिला. वाफ धरणं थांबलं. मी आभार मानले नाहीत. हे आज लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते.

उलट मी काय केलं, तर सरांच्या नावानं अर्ज लिहिला. प्रयोगाचा वेळ डोळे मिटून चालण्यात वाया जातो, मदतनीस बाई विद्यार्थिनीला मुद्दाम वाईट जागा देतात, वगैरे वगैरे, दीड पान. सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. मला वाटलं होतं मावशी चिडतील, निदान माझ्याबद्दल दोन शब्द वाईट बोलतील. त्या हात पुढे बांधून उभ्या राहिल्या. सर म्हणाले, वेळापत्रक तसंही कोलमडतंय, हे चालणं यापुढे बंद. मावशी बरं म्हणाल्या. मग सर म्हणाले, आणि हिची जागा पूर्वीची करा.

"जागा नाही बदलायची, सर," मावशी म्हणाल्या. "कारण माझ्यापाशी राहू द्या. बाकी तुम्ही म्हणाल ते."

सरांनी दोनदा कारण विचारलं. दोन्ही वेळा मावशी म्हणाल्या, ते तेवढं विचारू नका. शेवटी सर वैतागले. विद्यार्थ्यांशी आकसानं वागू नये अशी लेखी ताकीद त्यांनी टाइप करायला सांगितली, आणि मावशींनी माझ्यासमोर तिच्यावर सही केली. जागेचं बघू नंतर, म्हणून सरांनी तो विषय सोडून दिला, तो तसाच राहिला. बाहेर पडताना मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढला.

पुढच्या प्रॅक्टिकलला त्या शेजारून गेल्या आणि म्हणाल्या, किती? मी म्हटलं, सरांनी बंद केलंय ना हे? त्या म्हणाल्या, चालणं बंद केलंय, विचारणं नाही. मी सहा म्हटलं आणि पाठ फिरवली.

मग तीन आठवड्यांनी तो दिवस आला. त्या दिवशीचा कॉस्टिक सोडा नेहमीच्या दहापट तीव्र होता. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, मावशींनी बाटल्यांवर लाल लेबल लावलं होतं. माझी दोन वाचनं जुळली होती, तिसरं राहिलं होतं, आणि वेळ संपत आला होता. ब्युरेट म्हणजे खुणा असलेली उंच काचेची नळी, भरताना ती स्टँडवरून खाली, छातीच्या उंचीला घ्यायची, मग ओतायचं, हे मावशींनी शंभरदा सांगितलेलं. मी घेतली नाही. तिथेच उभी राहून बीकर डोक्याच्या वर धरला आणि ओतू लागले. नुकतंच आधीचं वाचन घेतलं होतं. ते घेताना मी चष्मा आणि गॉगल दोन्ही कपाळावर सरकवायची, कारण जवळचं मला चष्म्याशिवायच नीट दिसतं. ते तसेच वर राहिले होते. फनेल ब्युरेटच्या तोंडात घट्ट बसलं होतं. आतल्या हवेला जायला वाट नव्हती. ती एकदम उसळली आणि फनेलमधलं सगळं बाहेर उडालं.

उजव्या डोळ्यात.

दुखणं दुसऱ्या क्षणाला सुरू झालं. पहिल्या क्षणाला फक्त एवढंच कळलं की उजवा गेला आणि मागे उरला तो डावा, म्हणजे काहीच नाही. मी ओरडले. खोली म्हणजे उजेडाचा एक गढूळ गोळा झाली होती. आणि माझे पाय मात्र चालायला लागले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. एक, दोन, तीन. वाटेत काही आलं नाही. चार, पाच. सहा, आणि डाव्या हाताला दांडी. मी ती ढकलली आणि तोंड पाण्यात घातलं.

तोवर मावशी मागे पोचल्या होत्या. एका हातानं त्यांनी माझं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पापण्या फाकवल्या. मी डोळा मिटायला बघत होते, त्या मिटू देत नव्हत्या. मी त्यांच्या मनगटाला ओरबाडलं, तरी बोटं हलली नाहीत. वर बघ, म्हणायच्या, आता खाली बघ, आता माझ्याकडे. कुणाला तरी गाडी आणायला पिटाळलं, कुणाला तरी लाल लेबलाची बाटली बरोबर घे म्हणून सांगितलं, म्हणजे डॉक्टरांना काय उडालंय ते कळेल. एक मुलगी म्हणाली, मावशी, पुरे झालं असेल आता. त्या म्हणाल्या, घड्याळ बघ, चार मिनिटं झालीत, पंधरा व्हायचीत.

मी रडत होते. अर्ज, राग, सगळं पाण्याबरोबर वाहून चाललं होतं.

"मावशी, मला दुसऱ्यानं दिसत नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरच्या कुणाला तरी.

"ठाऊक आहे मला," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "उघड्या डोळ्यानं स्टुलावर आपटलीस तू. म्हणून तर इथं उभी केली तुला."

मग त्या पुन्हा मिनिटं मोजायला लागल्या. पाच. सहा. त्यांच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत आत शिरत होतं. माझ्या मनात एकच येत होतं, की या बाईनं सरांसमोर ताकीद घेतली, सही केली, पण माझं गुपित सांगितलं नाही. मी त्यांच्यावर दीड पान लिहिलं होतं, आणि त्यांच्याकडे माझ्याबद्दल एकच वाक्य होतं, ते त्यांनी गिळलं. इतकं मोठं मन मी तोवर जवळून पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पापणीच्या आत रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी टेकवली, आम्ही लॅबमध्ये वापरतो तसलीच. बघून ते म्हणाले, छान धुतलाय. थेंब, मलम, डोळ्यावर पट्टी, आणि अकरा दिवस डाव्या डोळ्याच्या गढूळ जगात वावरणं. आई मला हाताला धरून घरभर फिरवायची. बाराव्या दिवशी पट्टी काढली. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ मी चष्मा लावून वाचली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या मिनिटात पाणी मिळालं म्हणून, उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज उघडताच गेले. माफी मागायची होती आणि ती चारचौघांत मागायचा धीर नव्हता. लॅबचं दार अर्धं उघडं होतं. आत मावशी एकट्याच, खिडकीजवळच्या पहिल्या टेबलाशी, डोळे मिटून. हात जरा पुढे धरून त्या चालू लागल्या. नळाशी पोचल्या, दांडीला हात लावला, परत फिरल्या. मग दुसऱ्या टेबलापासून. चौथ्या फेरीला त्यांचा पाय एका विसरलेल्या दप्तराला लागला. त्यांनी डोळे उघडले, दप्तर उचलून कपाटावर ठेवलं, पुन्हा त्याच टेबलाशी गेल्या, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सगळ्यात शेवटी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि सहा पावलं चालल्या.

त्या दिवशी मी नळाकडे निघाले तेव्हा वाटेत काही आलं नव्हतं, ते आपोआप नव्हतं. आम्हाला चालायला बंदी झाली, तरी त्या रोज आमच्या वतीनं चालत होत्या.

माफीबिफी काही जमली नाही. मी दारात उभी राहून मुसमुसले आणि त्या म्हणाल्या, डोळ्यात आता दुसरं काही घालू नकोस, नुकताच बरा झालाय. मग मी सरांकडे गेले आणि दुसरा अर्ज दिला. हा चार ओळींचा होता. पहिला खोटा होता, ताकीद रद्द करावी, आणि चालणं पुन्हा सुरू करावं. सरांनी तो वाचला, चष्मा पुसला, आणि माझ्यासमोरच ताकीद फाडली.

सोमवारी सगळी बॅच आपापल्या टेबलाशी उभी राहिली. सर दारात. मावशींनी विचारलं की आधी कोण चालतंय, आणि मी हात वर केला. मावशी सवयीनं माझ्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. वर्षभर हातात धरलेली ती शाळेतली वही डोळ्यासमोर आली. पण मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "उजवीकडनं नका चालू, मावशी. डावीकडनं चाला. त्या डोळ्यानं मला दिसत नाही."

सर दारातून म्हणाले, चला, सुरू करा, वेळ जातोय.

मावशी वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आल्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही डोळे मिटले.