चिमण्याची छत्री

"वेळेला उघड गं बाई, माझ्या नावाला बट्टा लावू नकोस!"

हा आवाज अजून माझ्या घडीघडीत आहे. तो होता घडीवाल्या बाईंचा. मित्रांनो, मी एक जुनी हवाई छत्री आहे. विमानातून उडी घेणाऱ्याला हवेत झेलायचं आणि अलगद जमिनीवर ठेवायचं, एवढ्यासाठी माझा जन्म झाला.

युद्धाचे दिवस होते. मागावर रेशीम विणलं गेलं, शिवणखोलीतल्या मुलींनी पाकळीला पाकळी जोडली आणि मी बाईंच्या लांबलचक टेबलावर आले. घड्या सरकू नयेत म्हणून बाई त्यांच्यावर शिशाच्या गोळ्यांच्या छोट्या पिशव्या ठेवत आणि तंद्रीत गुणगुणत,

घडीवरी घडी, घालते मी रेशमाची
माझ्या हाती दोरी, कुणाच्या गं काळजाची

ते काळीज होतं चिमण्याचं. तळावरचा सगळ्यांत लहान वैमानिक तो. मिसरूड नुकतंच फुटलेलं, अंगावरचा कोट दोन मापं मोठा. छोट्या लढाऊ विमानात छत्रीवरच बसायचं असतं, म्हणून मी त्याची बैठक झाले. "तुझ्यापेक्षा दगड मऊ गं," असं म्हणायचा आणि उतरल्यावर कितीही दमलेला असला तरी मला उचलून कोरड्या खोलीत खुंटीला अडकवायचा. बाकीचे आपापल्या छत्र्या विमानाच्या पंखावरच टाकून जेवायला पळत.

त्याचा जिवलग मित्र लंबू त्याला चिडवायचा. "चिमण्या, तिला आता अंगाई पण म्हण!"

"म्हणतो की. तुझी बिचारी बाहेर कुडकुडतेय, तिला आधी आत घे."

लंबू हसायचा. मनाने वाईट नव्हता हो. पण एकदा रात्रभर पाऊस झाला आणि पंखावरची त्याची छत्री चिंब झाली. ओल्या रेशमाच्या घड्या एकमेकींना चिकटतात, त्या उघडत नाहीत. म्हणून नियमच होता, की भिजलेली छत्री बाईंकडे द्यायची. बाई ती उंच खोलीत टांगून वाळवणार, आणि तोवर वैमानिकाने उड्डाण न करता जमिनीवरच थांबायचं. वर बाईंची बोलणी आणि सोबत्यांची चेष्टा.

लंबूला ते नको होतं. चिमण्याला त्या दिवशी सुट्टी होती. लंबूने मला खुंटीवरून काढलं, आपल्या विमानात नेलं, आणि बाईंना दिसू नये म्हणून आपली ओली छत्री चिमण्याच्या विमानात बैठकीवर ठेवली. "आल्यावर बदलतो," तो स्वतःशीच पुटपुटला. मला तोंड असतं तर मी तळ डोक्यावर घेतला असता.

आम्ही वर गेलो आणि खाली भोंगा वाजला. शत्रूची विमानं आली होती. सुट्टी कसली नि काय! सगळेच धावले. चिमणाही कोटाची बटणं लावत धावला आणि बैठकीवर जे होतं त्यावर विश्वासाने बसला.

पुढचं मी फक्त ऐकलं. लंबू ओरडत होता, "पेटलास रे! उडी मार, चिमण्या, मार उडी!" मग त्याचा आवाज बारीक झाला. "उघड... अगं, उघड ना..."

मी त्याच्याखाली होते. कोरडी, नीटनेटकी, काही उपयोगाची नाही.

उतरल्यावर साहेबांनी विचारलं तेव्हा लंबू जमिनीकडे बघत म्हणाला, "काल घाईत त्याने माझी उचलली. मग आज मला त्याची घ्यावी लागली."

"चिमण्याने?" बाई म्हणाल्या. "तो खुंटी चुकणारा नव्हे." पण त्यांचं ऐकतो कोण! माझ्या मालकाचा घात झाला, वर त्याच्याच माथी दोष आला, आणि त्या खोट्याला पुरावा म्हणून मलाच पुढे केलं. मित्रांनो, न उघडता मी तिथेच फाटले.

युद्ध संपलं. लंबूने मला मागून घेतलं आणि चिमण्याच्या घरी आणून दिलं. तिथे मी कपाटात राहिले. शेजारी हळहळत, "गुणी पोर, वेंधळेपणाने गेलं." वडिलांनी त्याचं नाव घेणं सोडलं. लंबू अधूनमधून येई, चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसे.

मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या हातून काही भिजलं, तर भिजलं म्हणून सांगा. बोलणी खा, दोन दिवस घरी बसा. पण ओल आत ठेवून वरून घडी घालू नका.

परवा चिमण्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. युद्धानंतरच्या टंचाईत दुकानात कापड मिळेना, म्हणून माझ्याच रेशमातून लग्नाचे कपडे शिवायचं ठरलं. लंबू आलेलाच होता. आईने मला जमिनीवर ठेवलं, कात्री जवळ घेतली.

"दादाची दोरी ओढू?" मला उघडायची दोरी धरत बहिणीने विचारलं आणि ओढलीसुद्धा.

खटकन स्प्रिंग सुटली आणि माझं रेशीम भळाभळा बाहेर आलं. टेबलावर, दारापर्यंत, वडिलांच्या खुर्चीवर. जन्मात पहिल्यांदा मी उघडले, तेही घरातल्या फरशीवर. वडिलांनी चष्मा काढला.

"अगं बाई, एका झटक्यात उघडली!" आई म्हणाली. "मग माझ्या बाळाने हीच का नाही रे घेतली?"

लंबूच्या मुठीत माझं टोक आलं होतं.

"काकू," तो म्हणाला, "तो चुकला नव्हता. त्याची छत्री मी नेली होती. आणि माझी ओली छत्री त्याच्या विमानात मीच ठेवली होती."