वास जाईपर्यंत

थोरल्याने घर रंगवायचं काढलं तेव्हा ते काम धाकट्याकडेच येणार, हे बोलून दाखवायचीही गरज नव्हती. धाकटा रंगारी होता. बापही रंगारीच. त्याची सगळी हयात दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करण्यात गेली, आणि त्यातूनच त्याने हे घर उभं केलं. थोरला शिकून कचेरीला चिकटला आणि बायको-मुलीसह बापाच्या घरातच राहिला. धाकट्याने बापाच्या हाताखाली ब्रश धरला, लग्न केलं आणि दोन खोल्यांत वेगळा संसार मांडला.

"आतून-बाहेरून सगळंच करून टाकू," थोरला म्हणाला. "प्रश्न फक्त बाबांचा. त्यांच्या छातीला धूळ सोसायची नाही. पंधरा दिवस तुझ्याकडे ने. वास गेला की मी स्वतः घ्यायला येतो."

यात वावगं काही नव्हतं. धाकट्याने बाबांना आणलं आणि बाहेरच्या खोलीत त्यांची खाट टाकली. बायको त्या खाटेला वळसा घालून घालून स्वयंपाकघरात ये-जा करू लागली. भांडीही जरा जोरातच ठेवू लागली.

काम त्याने मन लावून केलं. जुन्या रंगाचे पोपडे खरवडले, भेगा लांबीचा लगदा भरून बुजवल्या, पॉलिश पेपर घासघासून तो स्वतः पापण्यांपर्यंत पांढरा झाला. बाबांची खोली सगळ्यात मागे, आणि तिथली एक भिंत कायम ओली. थोरला म्हणाला, "त्यावरून नुसता हात फिरव, कोण बघतंय." धाकट्याने ऐकलं नाही. त्याने गिलावा विटेपर्यंत फोडला, भिंतीतली पाण्याची नळी कुठे पाझरते ते शोधून ती दुरुस्त करवली, भिंत खडखडीत वाळू दिली आणि मग नवा गिलावा चढवला. त्या एका भिंतीने आठ दिवस खाल्ले. रंगही त्याने मुद्दाम पाण्यातला आणला. बाबांची छाती त्याला ठाऊक होती.

रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज कुठवर आलं?"

"तुमच्या खोलीला दुसरा हात दिला."

"कोपरे ब्रशने केलेस ना? रोलर कोपऱ्यात जात नाही."

"तुम्हीच शिकवलंय ना बाबा."

मग बाबा समाधानाने डोळे मिटायचे. घरी कधी जायचं, ते त्यांनी कधीच विचारलं नाही.

आतलं काम संपलं, चार दिवस गेले. धाकट्याने वहिनीला विचारलं, "आणू का मग बाबांना?"

"अजून वास आहे हो, भाऊजी," वहिनी म्हणाली. "माझं तर डोकंच धरतं."

धाकट्याने नाकाने श्वास ओढून बघितला. वास नव्हता. पाण्यातल्या रंगाला दोन दिवसांवर वास राहत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तरी तो "बरं" म्हणाला. आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हाही वास होताच. तेव्हाही तो "बरं" म्हणाला.

मग बाहेरच्या भिंती सुरू झाल्या. तो बांबूच्या परांचीवर चढून एकेक बाजू उरकत गेला आणि मागच्या बाजूला पोचला. तिथे बाबांच्या खोलीची खिडकी. चौकटीला रंग लावायला त्याने झडप ओढली आणि हातातला ब्रश तसाच राहिला. खोलीत बाबांचा पलंग नव्हता. कपाट नव्हतं. दोन ओळींत सहा बाकं मांडली होती, आणि समोरच्या भिंतीवर, त्याने विटेपर्यंत फोडून पुन्हा उभी केलेल्या भिंतीवर, एक फळा ठोकलेला होता. थोरल्याची मुलगी तिथे खडूने अक्षरं काढत होती. ती शिकवण्या घेणार म्हणून घरात बोलणं चाललं होतं, ते त्याच्या कानावर आलं होतं. पण कुठे घेणार, हे त्याने विचारलं नव्हतं.

"काका," ती मोकळेपणाने म्हणाली, "भिंत काय सरळ केलीत हो. फळा जराही डुगडुगत नाही."

तिला बिचारीला काय सांगितलं होतं, देव जाणे.

तो खाली उतरला. थोरला ओट्यावर चहा पीत बसला होता.

"दादा, बाबांचा पलंग कुठाय?"

थोरल्याने कप खाली ठेवला. "आज ना उद्या तुला सांगणारच होतो. हे बघ, बारा वर्षं आम्ही केलं. रात्रीबेरात्री उठणं, औषधं, दवाखाने. तुझ्या वहिनीची कंबर गेली. तू सणावारी पाहुण्यासारखा यायचास. आता काही वर्षं तू कर."

"मग तसं सांगायचंस. वासाचं कशाला?"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस?"

दोन खोल्या, बायको, जागा, अशी सगळी कारणं धाकट्याच्या जिभेवर आली, आणि ती खरीही होती. त्याचाच त्याला जास्त संताप आला. तो पुन्हा परांचीवर चढला आणि खिडकीची चौकट रंगवून पुरी केली.

त्या संध्याकाळी तो बाबांशेजारी खाटेवर टेकला. "बाबा, दादाकडे अजून..."

"राहू दे," बाबा म्हणाले. "मी पन्नास वर्षं रंग लावला. वास किती दिवस टिकतो, ते मला नको सांगूस. इथे आलो त्याच दिवशी थोरल्याने पिशवीत माझे गरम कपडेही घातले होते. भर उन्हाळ्यात." जरा थांबून त्यांनी विचारलं, "ओली भिंत नीट झाली ना पण?"

"झाली."

"मग झालं."

त्यानंतर थोरला महिन्यातून एकदा यायचा, पाऊण तास खुर्चीच्या कडेवर बसायचा. येणारे-जाणारे घराकडे वळून वळून बघतात, असं कौतुकाने सांगायचा. बाबा ऐकून घ्यायचे.

वर्ष सरलं. एका सकाळी धाकट्याची बायको छताकडे बघत सहज म्हणाली, "लोकांची घरं चकचकीत करता. आपलं बघा. यंदा रंग द्यायचा का?"

बाहेरच्या खोलीतला खोकला थांबला. मग बाबांनी अगदी साध्या, चौकशीच्या सुरात विचारलं, "मी कुठे जायचं तेवढ्यात?"

बापाला तो प्रश्न पडला याचा धाकट्याला राग आला, आणि आपल्याही मनात क्षणभर उत्तर येऊन गेलं होतं याचा त्याहून जास्त.

"कुठे नाही," तो म्हणाला. "नाही रंगवत."

बायको आत गेली. त्याने त्या वर्षी घर रंगवलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. शेजारीपाजारी हसायचे, रंगाऱ्याच्याच घराचे पोपडे पडताहेत म्हणून. तो त्यांच्याबरोबर हसायचा, आणि डबे उचलून दुसऱ्याच्या भिंती घासायला निघायचा.