मोकळे स्वयंपाकघर आणि मी

मित्रांनो, माणसाने आजवर जे काही मोठे केले, त्याच्या मुळाशी भिंत आहे. भिंत नसती तर घर नसते, घर नसते तर गाव नसते, आणि गाव नसते तर माणूस अजून झाडाखाली बसून पावसाला शिव्या देत राहिला असता. अशा थोर कुळात माझा जन्म झाला. मी एक जुनी भिंत आहे. जाडी अर्धी वीट. उंची छतापर्यंत, पण दोन बोटे कमी. ती दोन बोटे नंतर कागदाचे बोळे कोंबून, वर गिलावा फासून भरली. त्यामुळे मी कोणाचे छत तोललेले नाही. छत मला ओळखतही नाही.

मला बांधणारा गवंडी उत्तम होता, पण शेवटच्या चार थरांच्या वेळी त्याला भूक लागली. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. त्याने तो सोडला नाही. "नजरेनं बघितलंय, सरळ आहे," म्हणाला आणि डबा उघडला. तेव्हापासून मी किंचित दिवाणखान्याकडे झुकलेली आहे. घरात नव्याने राहायला आलेल्या जोडप्याला तो ताई आणि दादा म्हणे. मला दुसरी नावे माहीत नाहीत, म्हणून मीही तेच म्हणते.

माझ्या एका अंगाला दिवाणखाना आहे, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. खर्च सगळा पहिल्या अंगावर झाला.

त्याचे कारण ताईंच्या जाऊबाई. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि दर दोन-तीन वर्षांनी घर नवे करतात. त्यांच्याकडे जेवून आले की ताई दारातच, चपला काढता काढता, माझ्याकडे बघत. त्या नजरेने माझा गिलावा गार पडे. जाऊबाईंकडे पिस्ता रंग आला, मी पिस्ता झाले. जाऊबाईंकडे बांबूच्या जंगलाचा कागद लागला, माझ्यावर जंगल उगवले. वर्षभरात ते खालून सुटू लागले आणि दादा रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून डिंकाने बांबू चिकटवू लागले. मग एकच भिंत गडद ठेवायची पद्धत निघाली. मला वांग्याच्या रंगाचे केले. उरलेल्या तीन भिंती माझ्याकडे अशा बघत, जणू हट्ट मीच केला होता.

त्यानंतर तर कमाल झाली. मी विटांची भिंत. माझ्यावर विटांचे चित्र असलेल्या पातळ पाट्या चिकटवल्या. पाहुणे हात लावून म्हणत, "वा! अगदी खरी वीट वाटते हो!" आत खरी वीट होती. पण विचारतो कोण? आता मला एवढे कळले आहे, की स्तुती झाली म्हणजे वर्षभरात खरवडायला माणूस येतो. मित्रांनो, सात वेळा खरवडून घेतल्यावर नवेपणाची हौस राहत नाही. थोडे पडून राहावेसे वाटते. पण भिंतीला पडून राहता येत नाही. पडली की संपली.

स्वयंपाकघराकडच्या अंगाला एकदा पांढरा तेलरंग दिला, तो आजतागायत. त्या अंगावर, फ्रिज आणि दार यांच्या मध्ये, खांद्याच्या उंचीला एक मळकट डाग आहे. तो ताईंच्या पाठीचा आहे.

घडते ते असे. बाहेर पाहुणे बसलेले असतात. कोणीतरी काका ताईंना मुलगी कशी वाढवावी हे सांगत असतात. त्यांना स्वतःला मूलबाळ नसते. ताई हसून म्हणतात, "दोन मिनिटांत आले हं," आणि आत येतात. फ्रिजच्या कडेला उभ्या राहून माझ्यावर पाठ टेकतात. मग काकांची हुबेहूब नक्कल करतात, भुवयांसकट, आवाज न काढता. एक चमचा साखर खातात. एक लांब श्वास सोडतात. आणि हसऱ्या चेहऱ्याने बाहेर जातात. लेक नोकरीला परगावी गेली, त्या दिवशी दोन मिनिटांची दहा झाली. बाहेर जाऊन म्हणाल्या, "साखरेचा डबाच सापडेना." डबा समोरच होता.

गेल्या वर्षी जाऊबाईंनी आपल्या घरातली अशीच भिंत पाडली. ताई परत आल्या त्या चपला न काढताच म्हणाल्या, "आपणही काढू या ही. मोकळं स्वयंपाकघर करू. हल्ली सगळे तसंच करतात."

"अगं, आत्ता कुठे त्या विटा चिकटवल्यात," दादा म्हणाले.

"त्या आता कोणी ठेवत नाही."

"खऱ्या आहेत त्या ठेवतात का?"

हे वर्षभर चालले. शेवटी दादा थकले आणि सजावटवाला आला. गोड बोलणारा, कानाला फोन लावलेला माणूस. त्याने माझ्यावर दोन टिचक्या मारल्या.

"हिच्यावर काही भार नाही. नुसती उभी आहे. अर्ध्या दिवसात जाईल."

मी इतकी वर्षे नुसती उभी होते, हे मला त्या दिवशी कळले. मग त्याने फोनच्या पडद्यावर चित्र दाखवले. मी नव्हते. माझ्या जागी एक बाई ढोबळी मिरची चिरत हसत होती.

"ही हसतेय कशाला?" ताईंनी विचारले.

"मोकळं वाटतं ना मॅडम."

तोडफोडीआधी स्वयंपाकघर रिकामे करायची पद्धत आहे. शेगडी दिवाणखान्यातल्या टेबलावर आली, डबे सोफ्याखाली गेले. सजावटवाल्याचा गवंडी म्हणाला, "उद्या येतो," आणि चार दिवस आला नाही. त्यांच्यात उद्या म्हणजे तेवढेच असते. ते चार दिवस ताईंनी सगळ्यांच्या देखत स्वयंपाक केला.

पहिल्या दिवशी दादा वर्तमानपत्र खाली करून म्हणाले, "एवढं तेल घालतेस तू?"

"पंचवीस वर्षं खाताय."

"दिसत नव्हतं ना पण."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "गॅस जरा बारीक कर." तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीच शेगडीकडे वळवून घेतली. चौथ्या दिवशी, रविवारी, जाऊबाई काम बघायला आल्या. सोबत थोरले भावजी. आता दोघे भाऊ शेजारी बसून कढईकडे पाहू लागले, सामना बघावा तसे.

"आता मीठ घालेल," दादा म्हणाले.

"उशीर केला," भावजी म्हणाले.

ताई हसल्या. "दोन मिनिटांत आले हं," म्हणाल्या आणि सवयीने आत आल्या. आत काही नव्हते. धूळ होती आणि मी होते. त्यांनी डागावर पाठ टेकली. एवढ्यात जाऊबाई मागोमाग आल्या. ताई चटकन सरळ झाल्या.

"असू दे, असू दे," जाऊबाई म्हणाल्या. त्याही शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनीही पाठ टेकली. रेशमी साडी, माझी धूळ.

"बरं वाटतं गं इथे."

"तुमचं तर किती छान झालंय, वहिनी. मोकळं."

"छान आहे ना. सगळे बघतात." त्या थोडे थांबल्या. "मी आता बाथरूममध्ये जाऊन बसते. हे विचारतात, पोट बिघडलंय का. गोळ्यासुद्धा आणून दिल्यात."

दोघी हसल्या. मग हसता हसता जाऊबाई थांबल्या, पण ताईंचे हसणे आधीच थांबले होते.

मित्रांनो, आता ताईंनी बाहेर जाऊन "भिंत राहू दे" म्हणायला काय हरकत होती? हरकत एवढीच, की वर्षभर हट्ट त्यांचाच होता. दादा आयुष्यभर ते ऐकवणार. "ह्यांना झोपण्याआधी सांगेन" असे ताई माझ्याशी पुटपुटल्या. सांगितले नाही. मी रात्रभर उभी राहिले. तशी मी रोजच राहते.

सकाळी ताई दूध आणायला गेल्या आणि नेमका गवंडी उगवला. दादांनी मोठ्या उत्साहाने दार उघडले. पहिला घाव बसला, माझ्या खोट्या विटा गळून पडल्या. दुसऱ्या घावाला खऱ्या फुटल्या. तिसऱ्या घावाला दिवाणखान्यातून शेगडीचा ओटा दिसू लागला, आणि दारातून आवाज आला.

"थांबा!"

दूध हातात, चपला पायात. गवंड्याचा हातोडा वरच राहिला.

"काय झालं?" दादा म्हणाले.

"भिंत राहणार."

"अगं, वर्षभर तूच..."

"हो, मीच. आता मीच सांगतेय."

"पण का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिले. खरे कारण ओठांवर आले, हे मला दिसले. ते सांगितले असते, तर दादा पुढच्या वेळी आत येऊन विचारते, "झाली का दोन मिनिटं?"

"फोडणीचा धूर होतो," त्या म्हणाल्या. "चार दिवस बघितला ना?"

दादांनी छताकडे पाहिले. सोफ्याचा वास घेतला. "होतो खरा."

"तोडायचं ठरलं होतं," गवंडी म्हणाला. "भरायचं वेगळं होईल."

"भरा."

"आणि मग या भिंतीला काय करायचं?" दादांनी भीत भीत विचारले.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे कोणता रंग?"

"काहीच करायचं नाही हो!"

दादा मटकन सोफ्यावर बसले. लग्नात एवढे खूश नव्हते, असे हे ऐकल्यावर भावजी म्हणाले.

भोक भरताना गवंड्याने ओळंबा लावला. माझ्यात आता तेवढाच तुकडा सरळ आहे आणि तोच वाकडा दिसतो. जाऊबाई हल्ली वरचेवर येतात. बाहेर दोघे भाऊ बोलत असतात. आत दुसरा डाग पडू लागला आहे, पहिल्याहून थोडा रुंद.

मित्रांनो, घर जरूर नवे करा. रंग द्या, कागद लावा, माझे काही म्हणणे नाही. मी आता थकले आहे. पण एखादी भिंत पाडायला काढाल, तेव्हा आधी तिच्या पलीकडे जाऊन बघा. कोणी तिथे पाठ टेकून उभे असेल, तर हळूच परत या आणि त्यांना काही विचारू नका.

आणि एवढे जमणार नसेल, तर निदान भिंतीवर चिकटपट्टी लावू नका. काढताना सालपट निघते.