डोक्यावरचा सांधा

अल्सीड गिड्रीने जेवणाच्या डब्यातली टोपी काढली, बाकावर नीट ठेवली आणि उघड्या डोक्यावरच वेल्डिंगचं, तोंड झाकणारं पण टाळू उघडी ठेवणारं हेल्मेट चढवलं.

"मिस्टर अल्सीड," वेल्डिंग शिकवणाऱ्या मिस रोझेटचा मागून आवाज आला, "ती टोपी काय डब्याला थंडी वाजते म्हणून आणता?"

"असू दे जवळ."

"दोनदा नापास झालात. आज वाकवताना सांध्याच्या पट्टीला भेग पडली, तर पदवी पुढच्या वर्षावर गेली. टाळूवर ठिणगी पडली की तुमचा हात हलतो. सांधा तिथेच फुटतो."

आडवे, उभे, सगळे सांधे अल्सीडला जमले होते. हा एवढाच राहिला होता. प्लेट डोक्यावर टांगलेली, आपण खाली, आणि तापलेलं लोखंड अंगावर गळत राहायचं.

दक्षिण लुईझियानात वेल्डरच्या टोप्या घरची माणसं शिवतात, उरलेल्या छापील कापडाच्या. त्याच्या बायकोने, ओडीलने, त्याला पुष्कळ शिवून दिल्या. जन्म कोळंबीच्या बोटीवर काढलेल्या नवऱ्याला या कॉलेजात तिनेच घातलं होतं. "पाणी पुरे. आता रोज संध्याकाळी घरी येत जा," म्हणाली होती. तिच्या टोप्या एकेक करून जळून चाळणी झाल्या. ही निळ्या फुलांची शेवटची, तिने आजारपणात शिवलेली. आता तो रोज संध्याकाळी घरी येई. घरात कोणी नसे.

ही टोपी शिवली त्याच दिवसांत दोघं भांडलेही होते, त्याच्या जुन्या जीन्सवरून. धुऊन धुऊन मऊ झालेली, त्याची लाडकी. त्याने सगळं घर पालथं घातलं.

"मला काय ठाऊक? बोटीवर विसरला असशील," भिंतीकडे तोंड करून ओडील म्हणाली होती.

"घाला, नाहीतर घरी जा," मिस रोझेट आता म्हणाली. "माझ्या नवऱ्याने मला कधी साधा रुमाल शिवला नाही. तुम्हाला टोपी मिळाली, तर तुम्ही ती देवापुढे ठेवलीय."

अल्सीडने हेल्मेट काढलं. टोपी थोडा वेळ हातात धरली, मग घातली. आधीच्या टोप्यांपेक्षा जड वाटली. टोपीची झापड कानावर वळवून, वर पुन्हा हेल्मेट चढवून त्याने रॉड प्लेटला टेकवला.

ठिणग्या गळू लागल्या. एक मोठी नेमकी टाळूवर पडली. कापड करपल्याचा वास आला. आता चटका बसेल म्हणून त्याने दात आवळले. चटका बसला नाही. हात सरळ पुढे गेला, प्लेटच्या टोकापर्यंत.

प्लेट निवल्यावर मिस रोझेटने सांध्यातून पट्ट्या कापल्या आणि एकेक प्रेसमध्ये घालून घोड्याच्या नालासारख्या वाकवल्या. वाकलेल्या पाठीवरून नख फिरवलं. केसाएवढीही भेग नव्हती.

"झालं," ती म्हणाली. "मे महिन्यात पदवीचा झगा घालून स्टेजवर या. टोपी मात्र गेली बघा तुमची."

त्याने टोपी काढली. निळ्या फुलांच्या मधोमध काळं भोक पडलं होतं. त्यात बोट घातलं, ते आरपार गेलं नाही. आत आणखी एक कापड होतं. जाड, विटलेलं, मऊ. त्यावर बोटीच्या इंजिनाच्या तेलाचा डाग होता.

डागावरून त्याने अंगठा फिरवला. परत फिरवला.

"बोटीवर विसरला असशील म्हणे," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काही नाही, मिस रोझेट. माझी जीन्स सापडली."