नागूचा स्कोअर

"अण्णा, अक्षरं लई फिकी पडल्यात बगा," म्हणत रुक्माने पदराआडून काढलेली वस्तू काउंटरवर ठेवली.

हातात मावणारा, पिवळ्या प्लॅस्टिकचा व्हिडिओ गेम. वरून ठोकळे पडतात, ते खाली नीट रचायचे, ओळ भरली की ती मिटून जाते, तसला. गोव्यात कामाला गेलेल्या निम्म्या पोरांच्या खिशात त्या वर्षी तो होता.

गोव्याच्या हद्दीजवळ, रानातल्या जोयड्याच्या बसस्टँडसमोर पुंडलिकचं घड्याळ आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान. बावीस वर्षं एकच काम केलं की हात शहाणे होतात आणि डोकं आळशी. कुठलंही घड्याळ आलं की पुंडलिक आधी झाकण उघडून सेल काढी आणि मग गिऱ्हाइकाला विचारी, काय झालंय म्हणून. घड्याळाला ते चालतं. वेळ गेली तर पुन्हा लावता येते. तसाच त्याने गेम उलटा केला, झाकण सरकवलं आणि दोन्ही सेल तळहातावर पाडले.

"सेल गळल्यात. नवीन घातलं की झालं."

"घाला. पन त्यातला आकडा तेवडा जपा. नागूचा हाय त्यो."

रुक्मा कुंभारवाड्याकडच्या एका वाडीवरची, विधवा. तिचा एकुलता एक मुलगा नागू गोव्यात फोंड्याला हॉटेलात कामाला होता. गेल्या पावसाळ्यात तापाने तिथेच गेला. गाववाल्याने त्याची पिशवी आणून दिली, तीत दोन शर्ट, एक कंगवा आणि हा गेम. नागूने केलेला सगळ्यात मोठा स्कोअर त्यात राहिला होता. रुक्माला वाचता येत नव्हतं, पण शाळेच्या बाईंकडून तिने तेवढे आकडे ओळखायला शिकून घेतले. आठ, सात, शून्य, शून्य. रोज संध्याकाळी चूल पेटवण्याआधी ती बटण दाबायची, आकडा बघायची आणि गेम बंद करून ठेवायची. तेवढ्याने तिला घरात कुणी असल्यासारखं वाटायचं.

पुंडलिकने नवे सेल घातले. पडद्यावर अक्षरं ठळक उमटली. हाय-स्कोअरच्या जागी भोपळा. सेल काढले तेव्हाच आकडा पुसला गेला होता.

त्याने पडदा झटकन स्वतःकडे वळवला. अशा वेळी माणसाने खरं सांगून मोकळं व्हावं. पुंडलिकला ते जमलं नाही.

"काम हाय ह्येचं अजून," तो म्हणाला. "आत गंज चडलाय. फुडल्या सोमवारी या."

"आकडा न्हाई न्हवं जायाचा?"

"न्हाई, अक्का."

ती बसकडे गेली, आणि पन्नाशी उलटलेल्या पुंडलिकने आयुष्यात पहिल्यांदा असला खेळ खेळायला घेतला.

पहिल्या दिवशी चारशे झाले. ठोकळे आडवे कसे करायचे हेच कळायला दुपार गेली. दुसऱ्या दिवशी दीड हजार. एक ओळ मिटली की शंभर, दोन एकदम मिटल्या की तीनशे, तीन मिटल्या की सातशे, हा हिशेब त्याने बिडीच्या कागदावर मांडला. घड्याळं तशीच पडून राहिली. पलीकडचा चहावाला कृष्णा ग्लास ठेवताना म्हणाला, "काय वो अण्णा, म्हातारचळ लागला काय?" पुंडलिकने मान वर केली नाही. एरवी कृष्णाला बोलत ठेवायला तो दोन-दोन चहा घ्यायचा.

त्याची बायको बायजा बारा वर्षांपूर्वी खानापूरला माहेरी गेली ती गेलीच. भांडणतंटा काही नव्हता, रानात करमत नाही म्हणाली. तेव्हापासून दुकानामागच्या खोलीत एक ताट, एक वाटी. शेवटची बस गेली की बोलायला माणूस नसे. मग तो दुरुस्तीला आलेले रेडिओ ऐकत बसे. एखादा नीट झालेला रेडिओ मालक घेऊन गेला की त्याला खरोखर वाईट वाटायचं.

शुक्रवारी तो आठ हजार सहाशेवर पोचला. एक ओळ हवी होती, एकच. उभा ठोकळा घसरला आणि दोन ओळी एकदम मिटल्या. आठ हजार नऊशे. हाय-स्कोअर चढतो, उतरत नाही. मेलेल्या पोराला आपण हरवलं, हे पुंडलिकला सोसलं नाही. त्याने घाईघाईने सेल काढले आणि सगळं पुसून टाकलं.

रविवारी दुपारी पुन्हा जमलं. आठ हजार सातशे होताच त्याने पुढचे ठोकळे मधोमध एकावर एक चढू दिले. ते छताला टेकले, खेळ संपला, आकडा राहिला.

सोमवारी अकराच्या बसने रुक्मा आली. तिने बटण दाबलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवलं.

"हाय!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की पुंडलिकला तो बघवेना.

"अक्का, ह्यो नागूचा न्हाई," तो बोलून गेला. "त्येचा माज्या हातनं त्याच दिशी गेला. ह्यो म्या खेळून केलाय."

ती आरडाओरडा करील असं त्याला वाटलं. केला असता तर बरं झालं असतं. तिने पुन्हा त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"तुमी केलासा?"

"व्हय. आटवडा लागला."

मग तिने विचारलं, "आट हजाराच्या फुडं कसं असतंय वो?"

"लई जोरात पडत्यात. डोळा हालवाय येत न्हाई."

"त्या वक्ताला मनात काय येतंय? घर, मानसं, कोन?"

पुंडलिकने गेला आठवडा आठवून बघितला. बायजा नाही, ती खोली नाही, शेवटची बस कधी गेली तेही त्याला कळलं नव्हतं.

"न्हाई, अक्का. कोनबी येत न्हाई. आपुन एकलं हाय ह्येबी ध्यानात ऱ्हात न्हाई."

रुक्माने डोळे टिपले. "परमुलकात पोरगं रडत बसत असंल, ह्योच घोर व्हता मला," ती म्हणाली. "तेवडा येळ तरी रडला नसंल म्हना."

"न्हाई रडला."

"मग असू द्या ह्योच. त्येच्या वाटंनं आनी कोन गेलंय, तुमी सोडून?"

तिने गेम पदरात बांधला आणि ती बसकडे चालू लागली. पुंडलिक बस वळेपर्यंत बघत उभा राहिला, मग आत येऊन बसला. समोर आठवड्याची घड्याळं साचली होती. काउंटरच्या काचेवर त्याचे दोन्ही अंगठे आपोआप हलत होते, आणि वाडीवर रुक्मा बटण दाबील ती संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता.